फराळाच्या डब्यावर ५० टक्के कर? अमेरिकेला पार्सल पाठवण्याचा हिशोब कसा बदलला, समजून घ्या

ऑक्टोबर २०२५

दिवाळी जेमतेम आठवड्यावर आली असताना, १५ ऑक्टोबर २०२५ पासून भारतीय टपाल खात्याने अमेरिकेला जाणारी पार्सलं पुन्हा घ्यायला सुरुवात केली. त्याआधी जवळपास सात आठवडे ही सेवा बंद होती. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मुलांना, भाचरांना फराळाचा डबा पाठवणाऱ्या महाराष्ट्रातल्या हजारो घरांचा जीव भांड्यात पडला.

पण सेवा सुरू झाली, तरी जुना हिशोब परत आला नाही. पूर्वी ८०० डॉलरपर्यंतची, म्हणजे साधारण ७० हजार रुपयांपर्यंतची वस्तू अमेरिकेत एक पैसाही आयात कर न भरता पोहोचायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतातून टपालाने जाणाऱ्या वस्तूवर तिच्या जाहीर केलेल्या किमतीच्या ५० टक्के कर होता आणि तोही इथेच, पार्सल बुक करताना भरायचा होता. भेटवस्तूंना सूट आहे, पण त्या सुटीला अटी आहेत.

मग आईने घरी केलेल्या चकल्यांवर कर लागतो का? दुकानातून घेतलेल्या लाडवांवर? आणि न्यू जर्सीच्या ग्राहकाला कोल्हापुरी चप्पल विकणाऱ्या कारागिराने काय करायचं? एकेक प्रश्न घेऊन बघू.

‘डी मिनिमिस’ म्हणजे काय?

कायद्याच्या जगात एक जुनं लॅटिन वचन आहे. त्याचा अर्थ असा, की कायदा क्षुल्लक गोष्टींच्या मागे लागत नाही. ‘डी मिनिमिस’ हा शब्द तिथूनच आला.

सीमेवर येणारं प्रत्येक छोटं पाकीट उघडायचं, त्यातल्या वस्तूचं वर्गीकरण करायचं, किंमत ठरवायची, कर काढायचा आणि वसूल करायचा, यात सरकारचाच खर्च जास्त होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत. म्हणून बऱ्याच देशांनी एक मर्यादा ठरवली. त्या किमतीखालच्या वस्तूंवर कर नाही आणि फारशी कागदपत्रंही नाहीत.

अमेरिकेत ही तरतूद १९३८ सालापासून आहे. मर्यादा हळूहळू वाढत गेली. २०१६ साली ती २०० डॉलरवरून थेट ८०० डॉलर झाली. जगातल्या सर्वात उदार मर्यादांपैकी ही एक होती.

आपल्याकडून जाणारी फराळाची खोकी, साड्या, पुस्तकं, देवघरातल्या वस्तू, हाताने केलेले दागिने हे सगळं याच वाटेने जात होतं. पाठवणाऱ्याला फक्त टपालाचा किंवा कुरिअरचा खर्च यायचा. अमेरिकेत काही कर असतो, याचा विचारही कुणाला करावा लागत नव्हता.

मग ही सवलत गेली का?

याचं कारण आपला फराळ नाही. कारण आहे चीनमधून येणारी स्वस्त पाकिटं.

मर्यादा ८०० डॉलर झाल्यावर ऑनलाइन विक्रीचं एक नवं गणित जमलं. शीन आणि टेमू यांसारख्या कंपन्यांना अमेरिकेत मोठी गोदामं भरून, कंटेनरवर कर भरून माल विकण्याची गरज उरली नाही. चीनमधल्या गोदामातून एकेका ग्राहकाच्या नावाने एकेक पाकीट पाठवलं, की ते ८०० डॉलरच्या आत बसायचं. कर शून्य.

आकडे बघा. २०१५ साली या सवलतीखाली अमेरिकेत सुमारे १३ कोटी ४० लाख पाकिटं आली होती. २०२४ साली हा आकडा १३६ कोटींवर गेला. म्हणजे दिवसाला जवळपास ४० लाख पाकिटं. एवढ्या पाकिटांची तपासणी अशक्य होती. दुसरीकडे, कर भरून माल आणणारे अमेरिकी व्यापारी तक्रार करत होते, की नियम पाळणाऱ्यांनाच शिक्षा होते आहे. फेंटानिल हे घातक अमली द्रव्य आणि ते बनवायला लागणारी रसायनं याच पाकिटांतून येतात, असंही ट्रम्प प्रशासनाचं म्हणणं होतं.

म्हणून २ मे २०२५ पासून चीन आणि हाँगकाँगसाठी ही सवलत बंद झाली. त्यानंतर ३० जुलैला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढून २९ ऑगस्टपासून ती सगळ्याच देशांसाठी थांबवली.

भारतासाठी यात दुहेरी अडचण झाली. ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त कर लागू झाला होता. रशियाकडून तेल घेतल्याचं कारण देत २७ ऑगस्टपासून त्यात आणखी २५ टक्क्यांची भर पडली. एकूण ५० टक्के. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी छोट्या पार्सलांची ढाल गेली. सवलत संपली तेव्हा भारतावरचा कर सर्वात चढ्या दरांपैकी एक होता.

पण टपाल सेवाच बंद का पडली?

कर वाढला, तर माल महाग होतो. सेवा बंद पडायचं कारण काय? इथे खरी गोम आहे.

कुरिअर कंपन्यांकडे आयात कराची कागदपत्रं करण्याची यंत्रणा आधीपासून असते. टपाल खात्यांचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. एका देशाचं टपाल खातं दुसऱ्या देशाच्या टपाल खात्याकडे पिशव्या सोपवतं. कर लागला तर तो सहसा पोहोचल्यावर, पाकीट घेणाऱ्याकडून वसूल होतो.

अमेरिकेच्या आदेशाने हे उलटं केलं. कर आधी गोळा करायचा आणि तो पार्सल वाहून नेणाऱ्या विमान कंपनीने किंवा अमेरिकी सीमाशुल्क विभागाने मान्यता दिलेल्या एखाद्या मध्यस्थ संस्थेने अमेरिकेच्या तिजोरीत भरायचा. हे मध्यस्थ कोण असणार, पैसे कसे पोहोचवायचे, माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची, याच्या सविस्तर सूचना आल्या १५ ऑगस्टला. म्हणजे अंमलबजावणीच्या जेमतेम दोन आठवडे आधी.

विमान कंपन्यांनी टपालाचा माल घ्यायला असमर्थता दाखवली. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेसाठी बहुतेक वस्तूंचं बुकिंग थांबवलं. सुरुवातीला पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू सुरू होत्या. काही दिवसांत त्याही थांबल्या.

हे फक्त आपल्याकडे झालं नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे मुख्यालय असलेल्या जागतिक टपाल संघाच्या म्हणण्यानुसार, ८८ टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा पूर्णपणे किंवा अंशतः थांबवली. २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारं टपाल आठवड्याभरापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटलं.

भारतात दिल्ली आणि महाराष्ट्र या दोन टपाल परिमंडळांमध्ये नव्या पद्धतीची चाचणी झाली. ती जमल्यावर १५ ऑक्टोबरपासून सेवा सुरू झाली.

आता हिशोब कसा होतो?

नव्या पद्धतीत कर पाठवणाऱ्याकडून, बुकिंगच्या वेळीच घेतला जातो. म्हणजे अमेरिकेचा आयात कर आता पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या पोस्टाच्या खिडकीवर भरला जातो. अमेरिकेत पार्सल घेणाऱ्याला दारात काही द्यावं लागत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये टपालासाठी दर सरसकट होता: वस्तूच्या जाहीर केलेल्या किमतीच्या ५० टक्के. टपालाचा खर्च यात धरला जात नव्हता, फक्त वस्तूची किंमत. ही कर गोळा करण्याची सोय करून देण्यासाठी टपाल खातं वेगळी रक्कम आकारत नव्हतं आणि टपालाचे दरही या कारणाने वाढवलेले नव्हते.

चार उदाहरणं घेऊ. ऑक्टोबर २०२५ मध्ये १०० डॉलर म्हणजे साधारण ८,८०० रुपये होत होते, हे आणि तेव्हाचा ५० टक्के दर धरून चालू.

पहिलं उदाहरण. नाशिकच्या आईने मुलीला चकली, चिवडा, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू पाठवले. सगळ्याची किंमत ५,००० रुपये. ही खरीखुरी भेट आहे आणि १०० डॉलरच्या आत आहे. कर शून्य.

दुसरं उदाहरण. याच आईने फराळासोबत एक साडीही घातली आणि एकूण किंमत १२,००० रुपये झाली. भेट असली, तरी १०० डॉलरची मर्यादा ओलांडली. इथे बरेच जण फसतात. कर फक्त वरच्या ३,२०० रुपयांवर लागत नाही, पूर्ण १२,००० रुपयांवर लागतो. म्हणजे ६,००० रुपये.

तिसरं उदाहरण. डॅलसमधल्या मुलाने पुण्यातल्या दुकानाच्या वेबसाइटवरून ३,००० रुपयांचा फराळ स्वतःसाठी मागवला आणि पैसे भरले. रक्कम छोटी आहे, पण ही भेट नाही, खरेदी आहे. कर १,५०० रुपये.

चौथं उदाहरण. कोल्हापूरच्या कारागिराने न्यू जर्सीच्या ग्राहकाला ४,००० रुपयांची चप्पल विकली. कर २,००० रुपये. जुलै २०२५ मध्ये याच चपलेवर कर शून्य होता.

भेट कशाला म्हणायचं?

सगळं गणित या एका शब्दावर फिरतं, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

अमेरिकेच्या नियमानुसार भेट म्हणजे परदेशातल्या एका व्यक्तीने अमेरिकेतल्या दुसऱ्या व्यक्तीला विनामोबदला पाठवलेली वस्तू. दोन्ही बाजूंना माणसं हवीत आणि त्या वस्तूसाठी घेणाऱ्याने पैसे दिलेले नसावेत. स्वतःच मागवून स्वतःच्याच नावावर घेतलेली वस्तू भेट होत नाही.

सूट एका व्यक्तीला एका दिवसात मिळणाऱ्या १०० डॉलरपर्यंतच्या भेटींना आहे. एकाच दिवशी एकाच पत्त्यावर, एकाच माणसाच्या नावाने तीन खोकी गेली, तर तिन्हींची किंमत एकत्र धरली जाऊ शकते. घरात दोघांना वेगवेगळी भेट पाठवायची असेल, तर दोन स्वतंत्र पुड्या, प्रत्येकावर वेगळं नाव आणि वेगळी किंमत, हा सरळ मार्ग आहे. पण विक्रीच्या एका मोठ्या ऑर्डरचे तुकडे करून त्यांना भेट म्हणणं ही फसवणूक आहे.

आणखी एक गोष्ट. खाद्यपदार्थ अमेरिकेत पाठवताना तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाला आधी सूचना द्यावी लागते. हा नियम २००२ सालच्या जैविक दहशतवादविरोधी कायद्यामुळे आला. स्वतःच्या घरी केलेले पदार्थ ज्याने केले त्यानेच वैयक्तिक भेट म्हणून पाठवले, तर या सूचनेतून सूट आहे. दुकानातून घेतलेल्या किंवा विकल्या जाणाऱ्या पदार्थांना ही सूट लागू होत नाही. बऱ्याच कुरिअर कंपन्या ही सूचना स्वतः देतात, पण पार्सल देण्याआधी तसं विचारून घेतलेलं बरं.

पोस्ट की कुरिअर?

वेगाच्या बाबतीत कुरिअर पुढे आहे. कराच्या बाबतीत मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये पोस्टाची बाजू थोडी उजवी होती.

कुरिअरने जाणाऱ्या वस्तूवर तेव्हा दोन थर बसत होते. एक म्हणजे त्या वस्तूचा अमेरिकेतला नेहमीचा आयात कर. हा प्रत्येक वस्तूला वेगळा असतो. कापड आणि पादत्राणांवर तो बऱ्यापैकी असतो, तर काही वस्तूंवर अजिबात नसतो. त्यावर भारतासाठीचा तेव्हाचा ५० टक्क्यांचा थर. शिवाय कागदपत्रं करण्यासाठी कंपनी स्वतःचं शुल्क घेऊ शकते. टपालाने गेलेल्या वस्तूला पहिला थर लागत नव्हता, फक्त सरसकट ५० टक्के.

टपालासाठी दुसराही एक पर्याय आदेशात होता. सहा महिन्यांपुरता, किमतीच्या प्रमाणात कर न घेता प्रत्येक पार्सलमागे ठरावीक रक्कम घ्यायची: देशावरच्या कराच्या दरानुसार ८०, १६० किंवा २०० डॉलर. २५ टक्क्यांहून अधिक दर असलेल्या देशांसाठी ही रक्कम २०० डॉलर होती. ५० डॉलरच्या वस्तूवर २०० डॉलर कर! म्हणून भारतीय टपाल खात्याने किमतीच्या प्रमाणातली पद्धत घेतली, हे सर्वसामान्यांच्या फायद्याचं झालं.

किंमत कमी लिहिली तर?

हा प्रश्न उघडपणे कुणी विचारत नाही, पण मनात सगळ्यांच्या असतो. व्हॉट्सअॅपवर सल्लेही फिरतात: ‘किंमत ५०० रुपये लिहा, वर गिफ्ट लिहा, काही होत नाही.’

आंतरराष्ट्रीय पार्सलासोबत सीएन २२ किंवा सीएन २३ हा सीमाशुल्काचा फॉर्म जातो. त्यात वस्तू, वजन आणि किंमत लिहून पाठवणारा सही करतो. ती सही म्हणजे दिलेली माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्रच. पूर्वी ८०० डॉलरपर्यंत कर नसल्यामुळे त्या आकड्याकडे कुणी फारसं बघत नव्हतं. आता कर त्याच आकड्यावर ठरतो, त्यामुळे नजरही तिथेच असणार. किंमत खोटी वाटली, तर पार्सल अडकू शकतं, परत येऊ शकतं किंवा जप्त होऊ शकतं. नाशवंत फराळ तीन आठवडे गोदामात पडून राहिला, तर कर वाचूनही उपयोग काय?

दुसरा तोटा साधा आहे. पार्सल हरवलं, तर भरपाई जाहीर केलेल्या किमतीच्या आधारावर ठरते. ८,००० रुपयांच्या साडीची किंमत ५०० लिहिली असेल, तर मागायचं काय?

घरी केलेल्या फराळाची किंमत किती लिहायची, हा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे. तसाच फराळ बाजारात ज्या भावाने मिळतो, ती किंमत धरा. आईच्या हाताला बाजारभाव नसतो, पण लाडवाला असतो. एका डब्याची किंमत सहसा १०० डॉलरच्या खूप आत राहते, त्यामुळे घरगुती फराळापुरतं खोटं लिहिण्याची गरजच पडत नाही.

फॉर्मवर नुसतं ‘गिफ्ट’ किंवा ‘फूड’ असं मोघम लिहू नका. ‘बेसनाचे लाडू, एक किलो’, ‘तांदळाच्या पिठाची चकली, अर्धा किलो’ असं इंग्रजीत सुटं सुटं लिहा. तपासणाऱ्याला आत काय आहे ते कळलं, की खोकं उघडण्याची शक्यता कमी होते.

बॅगेतून नेलं तर?

पार्सलांचे नवे नियम प्रवाशाच्या सामानाला लागू नाहीत. परदेशातून परतणाऱ्या अमेरिकेतल्या रहिवाशाला सोबतच्या सामानावर ८०० डॉलरपर्यंतची वैयक्तिक सूट असते, ती कायम आहे. मुलांकडे काही आठवड्यांसाठी जाणाऱ्या आईवडिलांना सोबत १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू करमुक्त नेता येतात, मुक्काम किमान ७२ तासांचा हवा.

यात कराहून महत्त्वाची गोष्ट आहे जाहीर करणं. सोबत कोणताही खाद्यपदार्थ असेल, तर तो विमानतळावर सांगावाच लागतो. मांस, ताजी फळं, भाज्या, बियाणं यांवर कडक बंधनं आहेत. कोरडा, तळलेला, भाजलेला फराळ सहसा अडत नाही. पण ‘आहे’ म्हणून सांगितलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो. न सांगितलेला पदार्थ सापडला, तर दंड होऊ शकतो. विचारलं, की ‘हो, खाण्याच्या वस्तू आहेत’ एवढं म्हणायला लाजायचं कारण नाही.

भारताने असं कधी केलं नव्हतं का?

केलं होतं. आणि फारसा गाजावाजा न होता.

२०१९ सालापर्यंत परदेशातून भारतात येणाऱ्या ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना आयात करातून सूट होती. चिनी शॉपिंग अॅपवरून मागवलेला माल ‘भेट’ म्हणून येऊ लागला. एकेका ग्राहकाच्या नावाने पाकिटं, वर गिफ्ट असा शिक्का, कर शून्य. नंतर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर दिसलेला खेळ तो हाच.

डिसेंबर २०१९ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने टपाल किंवा कुरिअरने भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची करमुक्त आयात बंद केली. अपवाद दोनच: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीसोबत पाठवलेली भेट नव्हे, फक्त राखी. म्हणजे अमेरिकेतली बहीण पुण्यातल्या भावाला आजही राखी करमुक्त पाठवू शकते. त्याच पाकिटात घड्याळ घातलं, तर त्यावर कर लागतो.

युरोपीय संघही त्याच रस्त्यावर आहे. २२ युरोंपर्यंतच्या वस्तूंना व्हॅटमधून असलेली सूट तिथे जुलै २०२१ मध्ये संपली. १५० युरोंपर्यंतची आयात करातली सूट काढून टाकण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०२३ साली मांडला. २०२४ साली युरोपीय संघात कमी किमतीची सुमारे ४६० कोटी पाकिटं आली आणि त्यातली दहापैकी नऊ चीनमधून होती.

म्हणजे छोट्या पाकिटांना मोकळी वाट देण्याचं युग जगभरच आवरतं घेतलं जात आहे. ट्रम्प यांनी ते एका झटक्यात आणि चढ्या दराने केलं, एवढाच फरक. पण तो फरक लहान नाही.

मग खरा फटका कुणाला?

घरगुती फराळाचा डबा बहुतेक वेळा १०० डॉलरच्या आत बसतो. त्यामुळे आईवडिलांपुरता हा प्रश्न सात आठवड्यांच्या खोळंब्याचा होता. कर त्यांना क्वचितच लागेल. कित्येकांनी त्या काळात महागडं कुरिअर केलं, काहींनी ओळखीतल्या प्रवाशाच्या बॅगेत डबा दिला.

खरी अडचण आहे विकणाऱ्यांची. दिवाळीत परदेशातल्या ऑर्डरी घेणारे पुण्या-डोंबिवलीतले फराळवाले, बचत गटाच्या महिला, इट्सीसारख्या संकेतस्थळांवर वारली चित्रं, चांदीचे दागिने किंवा हातमागाच्या वस्तू विकणारे एकेकटे कारागीर. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानमधल्या प्रदर्शनामुळे ती जगभर चर्चेत आली. मागणी वाढण्याची ती वेळ होती. दोनच महिन्यांनी त्या चपलेवर अमेरिकेत कर बसला.

मोठ्या निर्यातदाराकडे मार्ग असतात. तो अमेरिकेत गोदाम घेऊ शकतो, ग्राहक कंपनीशी घासाघीस करून कराचा भार वाटून घेऊ शकतो, काही काळ युरोपकडे वळू शकतो. ४,००० रुपयांची एक चप्पल विकणाऱ्याकडे ५० टक्के दरात दोनच पर्याय होते: किंमत ६,००० करायची किंवा २,००० रुपये स्वतःच्या खिशातून द्यायचे. चार हजारांच्या चपलेत दोन हजार रुपये नफा नसतोच.

त्यात कर आधी भरायचा आहे. पूर्वी कर लागलाच, तर तो माल पोहोचल्यावर तिकडे लागायचा. आता विक्रेत्याला पार्सल बुक करतानाच पैसे गुंतवावे लागतात. ग्राहकाने माल परत केला तर भरलेला कर परत मिळवणं हे छोट्या माणसाच्या आवाक्यातलं काम नाही.

गंमत म्हणजे याच वर्गासाठी टपाल खात्याने गेल्या काही वर्षांत देशभरात एक हजारांहून अधिक डाकघर निर्यात केंद्रं उघडली. मोठ्या बंदराशी संबंध नसलेल्या तालुक्यातल्या कारागिरालाही परदेशी माल पाठवता यावा, हा त्यामागचा विचार. ती केंद्रं आहेत, पण ज्या देशात सर्वात मोठं गिऱ्हाईक होतं, तिथली वाट महाग झाली.

पुढे काय होऊ शकतं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन गोष्टी लक्ष ठेवण्यासारख्या होत्या.

एक, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय. आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांचा १९७७ सालचा कायदा वापरून ट्रम्प यांनी हे कर लावले. त्या कायद्यात असा अधिकार नाही, असा निर्णय तिथल्या अपील न्यायालयाने २९ ऑगस्टला दिला, पण अंतिम निकालापर्यंत कर चालू ठेवले. सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी ५ नोव्हेंबर २०२५ ला ठरली होती. निकाल सरकारविरुद्ध गेला, तर टपालावरच्या ५० टक्क्यांचा पायाच जाणार होता.

दोन, भारत आणि अमेरिका यांच्यातल्या व्यापाराच्या वाटाघाटी. करार झाला आणि ५० टक्क्यांचा दर उतरला, तर पार्सलांवरचा दरही उतरू शकणार होता.

तीन, आणि हे सर्वात महत्त्वाचं: दर कमी झाला, तरी ८०० डॉलरची जुनी सवलत परत येण्याची आशा धरू नका. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकेच्या मोठ्या कर आणि खर्च कायद्यात ही सवलत १ जुलै २०२७ पासून कायद्यातूनच काढून टाकण्याची तरतूद आहे. म्हणजे न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांचा आदेश रद्द केला, तरी संसदेने केलेला कायदा उभा आहे.

तेव्हा तुम्ही अमेरिकेला वस्तू विकत असाल, तर किमती ठरवताना आयात कर हा कायमचा खर्च धरा. दर बदलत राहील, कर राहील. वेबसाइटवर ‘किमतीत अमेरिकेचा आयात कर धरलेला आहे’ किंवा ‘धरलेला नाही’ हे स्पष्ट लिहा, म्हणजे ग्राहकाशी भांडण होणार नाही.

आणि घरच्यांना भेट पाठवत असाल, तर एवढं लक्षात ठेवा: १०० डॉलरच्या आत राहा, पाठवणारा आणि घेणारा यांची खरी नावं लिहा, वस्तू सुट्या सुट्या आणि खऱ्या किमतीसह नोंदवा, आणि पावती पार्सल पोहोचेपर्यंत जपून ठेवा. बुकिंगला जाण्याआधी त्या आठवड्याचा दर पोस्टात विचारून घ्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात नियम तीनदा बदलले होते.